गिऱ्हाइकाच्या खुर्चीत

प्रिय पप्पा,

पत्र बघून हसू नका. माझं तोंड चालतं म्हणून तुम्ही मला कात्री म्हणता ते काही उगाच नाही, पण फोनवर तुम्ही ‘सगळं ठीक’ म्हणून मोकळे होता आणि पुढचं बोलायचा मला धीर होत नाही. कागदावर तुम्हाला मध्येच तोडता यायचं नाही.

आज वॉर्डात ऑपरेशनच्या आधी एका आजोबांची दाढी केली. नर्सबाईंचा हात इतका हलका कसा, असं त्यांनी विचारलं. मी ऐटीत सांगितलं, न्हाव्याची लेक आहे. मग दिवसभर आपलं दुकान डोळ्यांपुढून हलेना. रविवार म्हणजे या धंद्यातला सगळ्यात गर्दीचा दिवस. समोरच्या दुकानात बाकडी भरून लोक फुटपाथवर उभे, आणि आपलं शटर खाली. लोक तुम्हाला वेड्यात काढायचे. तुम्ही मात्र चर्चच्या उपासनेहून यायचात, शटर अर्धं वर करून आत शिरायचात आणि चक्क गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचात. पाय पसरून, हात मांडीवर ठेवून, चांगला अर्धा तास. मला वाटायचं, पप्पा कुणाची तरी वाट बघतायत. विचारलं तेव्हा म्हणालात, सहा दिवस मी लोकांना या खुर्चीत बसवतो, आज देव मला बसवतो. त्यानंतर मी कितीतरी प्रवचनं ऐकली, पप्पा. शब्बाथाचा, सातव्या दिवसाच्या त्या विसाव्याचा, याहून चांगला अर्थ मला कुणी सांगितला नाही.

पण एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली आहे. माडीवरचे मास्तर अंथरुणाला खिळले, तेव्हा दर रविवारी तुम्ही त्या खुर्चीतून उठून त्यांची दाढी करायला जायचात. मी दहा वर्षांची, संडे स्कूलमध्ये बायबलातल्या आज्ञा घडाघडा म्हणून दाखवणारी, अगदी शिष्ट. बड्या गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवता आणि मास्तरांसाठी वस्तरा काढता, हा मला सरळसरळ शब्बाथभंग वाटला. एका रविवारी वस्तऱ्याची पिशवी मी जिन्याखाली, जुन्या खोक्यांमागे दडवली. तुम्ही सगळं दुकान पालथं घातलंत. शेवटी नुसतं गरम पाणी आणि टॉवेल घेऊन वर गेलात, त्यांचं तोंड पुसलंत आणि तासभर त्यांच्यापाशी बसून राहिलात. सोमवारी पिशवी आपोआप खुंटीवर आली. तुम्ही माझ्याकडे एकदाच पाहिलंत. संध्याकाळच्या प्रार्थनेत मात्र वाळलेल्या हाताच्या माणसाची गोष्ट वाचलीत. येशूने त्याला शब्बाथाच्याच दिवशी, सगळ्या शिष्टांच्या नाकावर टिच्चून बरं केलं, ती. मी मान वर केली नाही. मंगळवारी मास्तर गेले. पुरण्याआधी तुम्ही त्यांची दाढी केलीत, पण ती त्यांना कळली नाही. इतकी वर्षं हे मनात सलतंय. माफ करा मला.

आता पत्राचं खरं कारण. हात थरथरतो म्हणून तुम्ही वस्तरा खाली ठेवलात, इतकं मला ठाऊक होतं. पण परवा दादाने सांगितलं की दोन महिने तुम्ही चर्चला गेला नाहीत. दाढी वाढवून खिडकीशी बसता, त्याला हात लावू देत नाही, आणि म्हणता, सहा दिवस काम केलं नाही, मग सातवा माझा कशाचा? ऐकून मला रडूही आलं आणि तुमचा रागही आला. पप्पा, त्या वाळलेल्या हाताच्या माणसाने तरी आधीचे सहा दिवस कुठे काम केलं होतं? येशूने त्यालाच पुढे बोलावून सगळ्यांच्या मध्ये उभं केलं. तुम्हीच वाचून दाखवलंत, आता विसरून चालणार नाही. मी या रविवारची ड्यूटी बदलून घेतली आहे, पहिल्या गाडीने येते. शटर अर्धं वर करून ठेवा आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसा. पिशवी खुंटीवरच असू द्या, या वेळी मी ती लपवणार नाही. पाणी मी गरम करीन, दाढीही मीच करीन, आणि मग उपासनेला आपण दोघं बरोबर जाऊ.

तुमचीच,
कात्री