सोयाच्या दुधाला विरजण

ओनो,
१४ जानेवारी

चि. तेत्सुरोस शिगेनोताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं विरजण पोचलं. इथे बर्फ वळचणीला टेकलाय. दुपारी सोयाबीनची वाफ खिडकीबाहेर गेली की बाहेरचं सगळं पांढरं एक होऊन जातं. मी कुठे उभी आहे तेच विसरायला होतं.

बाबांना अर्धांगाचा झटका आल्यापासून गिळताना ठसका लागतो. पाणी तर श्वासनलिकेतच जातं. परिचारिका म्हणते, मऊ, निसरडं आणि तोंडात एकसंध राहणारं काहीतरी द्या. आधी गाईच्या दुधात तुझं विरजण लावलं. चमचा उचलला तर रेशमासारखी तार लोंबली. पण बाबांनी वास घेऊन तोंड मिटलं. साठ वर्षं सोयाच्या दुधाचा तोफू केलेला माणूस, गाईचं दूध कसलं पितोय.

मग आपल्याच सोयाच्या दुधाला लावलं आणि कोतात्सूखाली, शेगडीवरच्या पांघरलेल्या मेजाच्या उबेत ठेवलं. संध्याकाळी बघते तर दही रवाळ, चिरा गेलेलं, वर पिवळट पाणी. ते निथळून दोन चमचे भरवले. उरलेलं पाणी नेमकं भलतीकडे गेलं. चेहरा निळा पडला रे. पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा कुठे श्वास परत आला. डॉक्टर म्हणाले, महिनाभरात वजन सावरलं नाही तर नाकातून नळी.

दही हॉस्पिटलचं आहे असं मी बाबांना सांगितलंय. तू आपलं तोफूचं दुकान सोडून गेल्यापासून चौदा वर्षं या घरात तुझं नाव निघालेलं नाही. विषय निघालाच तर ते गल्लीत सांगतात, पोरगा गाईंची शेपटं हुंगायला गेला.

लौकर लिही.
तुझी ताई

ओबिहिरो,
२१ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

बाबांचं खोटं नाही, डेअरीच्या प्रयोगशाळेत असलो तरी माझ्या कोटाला गोठ्याचा वास येतोच.

चूक तुझी नाही, मीच नीट लिहिलं नव्हतं. विरजणातले हे जंतू आपल्या अंगातून साखरेचा चिकट, बारीक धागा सोडतात. दूध सावकाश आंबतं, त्यातली प्रथिनं हळूहळू एकमेकांना धरतात, आणि तोवर धागा त्यांच्या मधल्या फटींत पसरून पाणी अडवून बसतो. सूक्ष्मदर्शकाखाली ते धुक्यातल्या कोळ्याच्या जाळ्यांसारखं दिसतं. मी कितीदा काम विसरून नुसता बघत बसतो.

सोयाची प्रथिनं उतावळी. जरा आंबट झालं की गुठळ्या धरतात, धागा व्हायच्या आतच. मग पाणी सुटणारच. त्यात कोतात्सूची ऊब म्हणजे आणखी घाई.

तेव्हा असं कर. दूध उकळल्यावर मंद आचेवर आणखी थोडा वेळ राहू दे. चमचाभर साखर घाल. जंतूंना गाईच्या दुधात मिळते ती साखर सोयात नसते. पूर्ण निवल्यावर विरजण लाव. मागच्या खोलीत, बावीस अंशांवर, पुरा एक दिवस ठेव. मध्ये हलवून बघू नकोस. तुला राहवणार नाही, ठाऊक आहे मला.

माझं नाव सांगू नकोस. त्यांनी खाल्लं म्हणजे झालं.

तुझा,
तेत्सुरो

ओनो,
६ फेब्रुवारी

चि. तेत्सुरोस आशीर्वाद.

हलवलं नाही. खोलीला कुलूप लावून किल्ली शेजारी दिली.

झाकण काढलं तर पाण्याचा थेंब नाही. बाबांनी पहिला चमचा जिभेवर तसाच ठेवून डोळे मिटले. मी थापटायला हात पाठीशी नेला. गिळला. ठसका नाही. नऊ चमचे गेले, तेत्सुरो.

मग वाकड्या तोंडाने विचारलं, हे केलं कुणी? हे सावकाश लागलेलं आहे, हॉस्पिटलवाले एवढा वेळ कशासाठीच थांबत नाहीत म्हणाले. मला खोटं रेटता आलं नाही; तुझं नाव आणि पत्रं, दोन्ही सांगितलं. ते छपरावरून घसरणारा बर्फ बघू लागले. मला वाटलं, संपलं आता. तर त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, चमच्यासाठी.

वाटी संपल्यावर म्हणाले, दूध फार दाट घेतलंय. त्या शहाण्याला सांग, हे पत्रातून शिकवायचं काम नाही.

वजन किलोभर वाढलं. नळी तूर्त टळली आहे. काल त्यांनी माळ्यावरून तुझे रबरी बूट काढायला लावले. डाव्या हाताने तासभर पुसले आणि दुकानाच्या दारात स्वतःच्या बुटांशेजारी ठेवायला सांगितले. एकाला उंदराने भोक पाडलंय; मी ती बाजू भिंतीकडे केली.

तुझी माया आहेच, पण आता नुसत्या पत्रांवर भागवू नकोस, घरी ये.

तुझी,
शिगेनोताई