सगळ्यांचा श्वास वीस

४ ऑगस्ट
बायोस्टॅटचा, म्हणजे संख्याशास्त्राचा, पेपर एकदा उडालाय. पुन्हा उडाला तर एम.एस्सी. नर्सिंग विसरायचं, अभ्यासरजा रद्द आणि परत वॉर्ड.
आज सर म्हणाले, "काहींना अजून सरासरीसुद्धा येत नाही." माझ्याकडे बघूनच म्हणाले.
प्रॅक्टिकल: घोटावड्यातल्या चाळिशीपुढच्या चाळीस बायका. बी.पी., नाडी, श्वास. दोघींत एक तक्ता. मला जोडीला अर्चना. बी.एस्सी. करून थेट इथे आलेली, वॉर्ड पाहिलाय कुठे तिने? माझी वॉर्डात नऊ वर्षं गेली. मुद्दाम गळ्यात मारली असणार.

११ ऑगस्ट
माझ्या वीस बायका एका दुपारीत उरकल्या. घरमालकीण काकूही त्यातच धरल्या. अर्चनाला चार दिवस लागले. चार! रोज पर्स घेऊन निघते, विचारलं तर म्हणते, "गावातच होते ताई." मोबाइल कायम पालथा. हिंजवडीला कोणीतरी आहे, आणि आकडे खोलीवर बसून भरतेय. पैज लावते.

१४ ऑगस्ट
पैज जिंकले. सरांनी सगळ्या वर्गासमोर आमचा तक्ता परत केला. "श्वासाच्या रकान्यातले निम्मे आकडे न मोजता लिहिलेत. कोणी, ते सोमवारपर्यंत सांगा. नाहीतर दोघींनाही इंटर्नलला शून्य."
म्हणजे परीक्षेलाच बसता येणार नाही.
अर्चनाने मान खाली घातली. मला काय ते कळलं.
बसमध्ये तक्ता उघडला. माझा रकाना: २०, २०, २२, २०, २०. स्वच्छ. तिचा: १७, २३, १४, २६, १९. एका गावातल्या बायका इतका वेडावाकडा श्वास घेतात? बनवायचं तर जरा बरं तरी बनवायचं.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन झाल्यावर सरांना गाठलं. "सर, मला कोणाचं वाईट करायचं नाही, पण..." आणि अर्चनाचं नाव सांगून टाकलं.
"पुरावा?"
"आणते."
"सोमवारी अकराला दोघी या." हसले का ते? मिश्या आहेत, कळत नाही.
खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. चहाबरोबर दोन वडापाव खाल्ले.

१६ ऑगस्ट
पुराव्यासाठी अर्चनाच्या यादीतल्या घरी गेले. पहिलं घर हौसाबाईंचं.
"आली हुती की ती पोरगी. लई येळ बसली. हात मनगटाला धरलेला आन् डोळं माझ्या पदरावर. मला वाटलं, ही बया काय बगतीया? काय बोलंना, घड्याळात बगायची, परत पदराकडं."
नाडी धरल्याचं दाखवायचं आणि छातीची हालचाल पूर्ण मिनिटभर मोजायची, म्हणजे पेशंट श्वास बदलत नाही. पहिल्या वर्षाला शिकवतात. मीही शिकले होते.
दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तर तिने दोनदा मोजलं होतं, पहिल्यांदा मध्येच नातू रडला म्हणून.
परत आले. काकू ओट्यावर शेंगा सोलत होत्या. "काकू, मी तुमचं तपासलं तेव्हा असा हात धरला होता ना?"
"न्हाई बा. बी.पी. बगितलंस, माझ्या लेकीची चौकशी केलीस, लिवलंस आन् उठलीस."
शेंगा बाजूला ठेवायला लावल्या. मनगट धरलं. पूर्ण मिनिट. अठ्ठावीस. पुन्हा मोजलं, अठ्ठावीसच. बसल्या जागी विसापर्यंतच हवा. तक्त्यात काकूंपुढे माझ्या अक्षरात वीस.
"काकू, दम लागतो का?"
"म्हनलं हुतं की तुला तवा. जिना चढवत न्हाई. तू व्हय व्हय म्हनलीस."
त्यांना तसंच रिक्षात घालून पिरंगुटला डॉक्टरांकडे नेलं. छातीचा फोटो आणि रक्त. रिपोर्ट सोमवारी संध्याकाळी.

१७ ऑगस्ट
खोटं बोलायचं म्हणून नाही लिहिलं. हात आपोआप वीस लिहितो. वॉर्डात सगळ्याच लिहितात, असं सकाळपासून स्वतःला समजावतेय.
पण नऊ वर्षं. रोज एवढे चार्ट. त्यात किती जणांचा अठ्ठावीस असेल आणि मी वीस लिहून पुढच्या खाटेकडे गेले असेन? एकाचंही तोंड आठवत नाही. भीती वाटतेय, पेपरची नाही.
आणि सर. माझे ओळीने वीस बघून त्यांनी गुरुवारीच ओळखलं असणार. मग पुरावा आण का म्हणाले? मला जोखून बघतायत? की खरंच माहीत नाही? नसेल तर, मी गप्प राहिले तर...
ही ओळ खोडणार होते. राहू दे.

१८ ऑगस्ट, सव्वाअकरा
सर मीटिंगमध्ये. बाहेरच्या बाकावर लिहितेय. अर्चना चहा आणायला गेलीय.
सकाळपासून तिचे डोळे सुजलेत. मघाशी म्हणाली, "ताई, कोणीतरी सरांना माझं नाव सांगितलंय. मी एकेकीचं मोजलंय हो, आईशप्पथ. तुम्हाला वर्गात कोणाचा संशय येतो?"
मी म्हटलं, आधी चहा आण.
दोन कप घेऊन येतेय. माझ्यात साखर कमी सांगायला विसरले होते, तिने आठवणीने सांगितली असणार.
केबिनचं दार उघडलं. दोघींना एकदम बोलावतायत.