आत्याच्या हातात काय होतं

ता. ४ मार्च

चि. खुंटीस,

अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि आधी तुझ्यावर चिडले. उजव्या कानाने हिवाळ्यापासून धड ऐकू येत नाही आणि हे तू मला आत्ता कळवतेस. कानाच्या आतल्या पातळ कातडीला चुणी पडलीय, ऑपरेशन करूनही फरक पडेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणतात म्हणे. लोकांचे पियानो सुरात लावून पोट भरणाऱ्या मुलीने मग करायचं काय? मागच्या खेपेला आतोबा इस्त्री करताना गुणगुणत होते आणि तू छान छान म्हणून मान डोलावलीस, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. ज्याला ऐकू येतं तो त्यांना छान म्हणत नाही.

तर मी एक ठरवलंय. आपल्या घराण्याचं तुला ठाऊक आहेच. प्रत्येकाच्या अंगात काहीतरी शक्ती असते, पण ती माणूस मेल्याशिवाय बाहेर पडत नाही. स्वतःला काडीचा उपयोग नाही. मरताना हातात जे असेल त्याप्रमाणे ती निघते, हे आपण पिढ्यान् पिढ्या बघत आलोय. माझे आजोबा स्क्रू पिळता पिळता गेले, तर गल्लीतले झाडून सगळे ढिले स्क्रू आवळले गेले आणि लोकांना खिडक्या उघडेनात. मोठ्या काकांच्या हातात चहाचा कप होता. त्या दिवशी गल्लीत कुणाचा चहा निवला म्हणून नाही.

माझं हृदय थकलंय, जड इस्त्री उचलायची नाही, असं मलाही डॉक्टरांनी बजावलंय. तेव्हा तू इथे विसरून गेलेला तो नादकाटा, वाजवला की एकच शुद्ध सूर देणारा, तो मी आजपासून हातात धरून राहणार. माझी शक्ती तुझ्या कानासाठी. फक्त ती गल्लीबाहेर जात नाही, म्हणून तू इथे राहायला ये.

जीव लावतेस तसाच लाव, पत्रं मात्र लवकर धाड.

तुझी आत्या

ता. १२ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

मी येणार नाही. तुझ्या घरी जेवायचं, तुझ्याच हातचं खायचं आणि तू कधी मरतेस याची वाट बघायची, हे मला जमणार नाही. तू शिंकलीस तरी मी कानाला हात लावून बघेन. असला कान मला नको.

माझं चाललंय. संगीत शाळेतली बाई चांगली आहे. खालचे सूर मी डाव्या कानाने लावते, वरच्या सुरांना ती मदत करते. मात्र परवा ती म्हणाली की असं वर्षभर चालवता येणार नाही. बघू. तू नादकाटा कपाटात ठेव आणि औषधं घे. आतोबांना सांग की गुणगुणणं मला खरंच ऐकू आलं नव्हतं, पण मान मनापासून डोलावली होती.

माया आहे तेवढी पुष्कळ, फक्त तिच्यापायी मरू नकोस.

तुझी खुंटी

ता. २० मार्च

चि. खुंटीस,

अ. उ. आ.

रागावलीस तर रागाव. मला मरायची हौस नाही. पण मी लाँड्रीवाली बाई, एका पाण्यात दोन कपडे धुतल्याशिवाय मला चैन पडत नाही. जायचं तर आहेच, मग फुकट का जाऊ? काटा हातात असतो. अंघोळीलाही नेते. गिऱ्हाईकं विचारतात, हे कसलं नवीन खूळ. आतोबा म्हणतात झोपेत त्यांच्या बरगडीत टोचतो. टोचू दे, एवढ्या वर्षांत मी कधी टोचले नाही असं थोडंच आहे.

इस्त्री आता तेच करतात. काय सांगू तुला. कॉलर अशी करतात की माणसाने मान तिरकी ठेवूनच चालावं. मी डोळे मिटून घेते.

तू ये. कानासाठी नको, माझ्यासाठी ये. मला तुझी आठवण येते, बाई.

वाट बघणारी,
आत्या

ता. २९ मार्च

चि. खुंटीस,

अ. उ. आ.

मला लांबलचक लिहिता येत नाही. आत्या काल दुपारी गेली. तू पोचेपर्यंत थांबता आलं नाही, सगळं उरकावं लागलं.

काटा सकाळपासून तिच्या हातात होता. मी शाळामास्तरांच्या शर्टाची कॉलर केली, ती तिला बघवेना. म्हणाली, व्हा बाजूला. काटा फळीवर ठेवला आणि इस्त्री माझ्या हातातून घेतली. कॉलर केली. झकास झाली असं स्वतःच म्हणाली आणि खाली बसली. इस्त्री सोडली नव्हती, मी काढून घेतली.

त्या क्षणी गल्लीतली प्रत्येक चुणी गेली. चादरी, पडदे, अंगावरचे कपडे. शेजारच्या पोरीच्या झग्याच्या चुण्या गेल्या म्हणून ती रडतेय. कोपऱ्यावरच्या अकॉर्डियनवाल्याचा भाता फळीसारखा सपाट झालाय, तो माझ्याशी बोलत नाही. माझ्या कपाळावरच्या आठ्याही गेल्या. बेकरीवाल्याने मला ओळखलं नाही.

तुझ्या कानाचं राहिलं. मी एक कॉलर नीट केली असती तर काटा तिच्या हातात राहिला असता. मला क्षमा कर.

दुकानात कपडे येत नाहीत, कुणाचे चुरगळलेलेच नाहीत. मी माझाच शर्ट चुरगळतो आणि इस्त्री करतो.

लोभ तिच्यावर होता तसा माझ्यावर ठेव.

आतोबा

ता. ५ एप्रिल

ती. आतोबांस,

सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यायच्या आधीच मला कळलं होतं. त्या दुपारी मी शाळेत पियानोपाशी बसले होते. बसमधल्या गर्दीत माझ्या झग्याचा पार बोळा झाला होता. बघता बघता तो आत्याने हातात दिल्यासारखा कडक झाला. असं काम दुसऱ्या कुणाचं नाही. मला रडू फुटलं. वर्गातल्या मुलांना कळू नये म्हणून मी अगदी वरची एक पट्टी जोरात दाबली, आणि ती मला उजव्या कानाने ऐकू आली. कानात काचेची गोटी पडावी तशी लख्ख.

डॉक्टरांनी कानात बघितलं. चुणी नाही. कुठलं औषध घेतलं म्हणून विचारत होते. मी सांगितलं, आत्या.

शक्ती गल्लीबाहेर जात नाही म्हणे. आत्याचा आवाज तरी कधी गल्लीत मावला होता? आणि आतोबा, काटा हातात असता तर नुसता एक सूर घुमला असता आणि माझी चुणी तशीच राहिली असती. तुम्ही कॉलर बिघडवलीत ते फार बरं केलंत. तुमच्यासारखी वाईट कॉलर दुसऱ्या कुणाला जमली नसती.

मला मात्र एक गोष्ट खाते. तिने ये म्हणून लिहिलं, ते पत्र मी रागाने चुरगळून कोपऱ्यात फेकलं होतं. त्या संध्याकाळी बघितलं तर तेही सपाट होऊन पडलं होतं. तिचा राग गेला असं मी धरून चालले आहे.

मी रविवारी येते आहे. रोज सगळ्या कपड्यांवर बसते, उशाखाली घेऊन झोपते, दोरीने करकचून बांधते. दोन पिशव्या भरून चुरगळले आहेत, तुमच्यासाठी. इस्त्री तापवून ठेवा आणि गुणगुणायला लागा. या वेळी मी ऐकणार आहे, तेव्हा मान डोलावेन याची खात्री नाही.

आत्याच्या वाटणीची माया आता तुम्हीच करायची आहे, हे विसरू नका.

तुमची खुंटी