चपला काढल्यावर

झाशी, मंगळवार, जेवणानंतर

ठरलं एकदाचं. इथल्याच कॉलेजात बी.ए., इंग्रजी साहित्य घेऊन. बनारसला जाऊन भाषाशास्त्र शिकायचं, ते राहिलं. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मी लसूण सोलत बसले.

आमच्या घरची एक रीत आहे. दारात चपला काढल्या की हिंदी बाहेर राहते, आत मराठीच. लक्ष्मी गेटच्या बाजारात दिवसभर 'भैया', 'जी' चालतं, उंबऱ्याच्या आत नाही. आज बाबा छावणीतल्या ऑफिसातून आले, चपला काढल्या, पाय धुतले आणि पंख्याखाली बसून मला म्हणाले, "देखो बेटा, लिंग्विस्टिक्स करके क्या करोगी? इंग्लिश ले लो, फिर बी.एड. हो जाएगा."

हिंदीत. चपला तर काढलेल्या होत्या, मी पाहिल्या ना.

माझ्याशी हिंदी का? दारात आलेल्या परक्याला नाही म्हणायचं असतं, तेव्हा ते असं बोलतात. मराठीत सांगितलं असतं तर मी भांडले असते बहुतेक. निदान भाषाशास्त्राचा एखादा पेपर असेल तिथे तरी पाठवा, म्हटलं असतं. मी नुसतं "जी" म्हटलं.

जेवताना बाबांनी हळूच विचारलं, "भात वाढू का गं तुला अजून?" अगदी नेहमीसारखं, मराठीत.

"नहीं, बस. हो गया," मी म्हणाले.

बाबांचा हात भातावरच थांबला. आईने वाकून माझ्या पायांकडे पाहिलं.