पाकिटावरचं गाव

॥ श्री ॥

मोहटोला, ता. मुलचेरा
१० नोव्हेंबर २०२५

चि. उर्वशीस,
गुणवंतमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईला, माझ्या बाईला लकवा झाला आणि तिचं बोलणं गेलं, हे तुझ्या पत्रातून कळलं. आपल्या टोल्यावर, या लहानशा वस्तीत, अजून मोबाइलचा टॉवर नाही, म्हणून उत्तराला इतके दिवस लागले. इकडे धानाची कापणी सुरू आहे.

तू ये म्हणतेस. मन धावतं, पण पाय अडतो. तीन वर्षांआधी टोल्यांच्या मोर्च्याला आझाद मैदानात आलो, तेव्हा सोबतच्या बिरजूच्या फोनवरून बाईला सकाळीच निरोप दिला होता की मी मुंबईत आहे, तूही मुंबईतच, दोनला भाषण आहे, भेटून जा. त्या दिवशी मी मुंबईच्या सात बेटांवर बोललो. समुद्र बुजवून कुलाबा, माझगाव, माहीम एक झाले, मग आपण काऊन नाही होणार, असं विचारलं. टाळ्या पडल्या. माझी नजर मात्र गर्दीत बाईचं लुगडं शोधत होती. एकाच शहरात राहून माझी मोठी बहीण आली नाही, मागून एक ओळही लिहिली नाही. ते अजून सलतं.

तिची तब्येत कळवत राहा.

तुझा,
गुणवंतमामा


केगाव, ता. उरण, जि. रायगड
१८ नोव्हेंबर २०२५

ती. गुणवंतमामांस,
उर्वशीचा सा. न. वि. वि.

मामा, आधी वरचा पत्ता वाचा. केगावपुढे तुम्ही दरवेळी मुंबई लिहिता, जसा काही तिथला एखादा मोहल्ला. महानगराच्या नकाशात आम्हाला धरतात, पण मुंबई आम्हाला पाण्यापलीकडे दिसते. मधे घारापुरीचं बेट आहे. जिल्हासुद्धा वेगळा.

त्या दिवशी आई निघाली होती. लाखोळीच्या डाळीचे वडे बांधून मोरा बंदरावर गेली, तर ओहोटी लागलेली. लाँच हलेना, दोन तास धक्क्यावर बसून राहिली. मैदानात पोचली तेव्हा तिथं फक्त झाडणाऱ्या बाया होत्या. वडे त्यांनाच वाटून आली. घरी येऊन हसत म्हणाली, की भाऊले भरती-ओहोटी काय माहीत, त्याच्या गावाले समुद्र नाई.

मग तिनं स्वतःच्या हातानं एक कागद लिहिला. कल्याणला उतरल्यापासून आमच्या दारापर्यंतची नावं, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हीच घरी याल. पाकिटावर पत्ता मी टाकला, जुन्या लग्नपत्रिकेवरचा, बोरगावचा. पाकीट न फोडता परत आलं. वर तुमच्या अक्षरात लिहिलेलं, की हे आमच्या गावाचं नाव नाही. आई म्हणाली, भाऊ रागावला, आता लिहू नको. टोल्याचं नाव मी तिला विचारलं असतं तर! ते माझ्याच्यानं विसरलं जात नाही.

कागद सोबत पाठवते. आईचा डावा हात तेवढा हलतो. लहानांवरची माया पातळ होऊ देऊ नये.

आपली,
उर्वशी


मोहटोला
२७ नोव्हेंबर २०२५

चि. उर्वशीस आशीर्वाद.

कागद चारदा वाचला. तुझी चूक नाही, पोरी. शेजारच्या मोठ्या बोरगावच्या नावाखाली आपला टोला बुडू नये म्हणून मी नऊ वर्षं तहसीलीत भांडलो. ज्या पाकिटावर मोहटोला नाही ते परत करायचं, हा नियम मीच केला आणि साऱ्यांना पाळायला लावला. नात्यातल्या लच्छूच्या लग्नाची पत्रिकासुद्धा मी परत पाठवली होती, सारे हसले होते. बाईचं पाकीट उलटवून मागे कोणाचं नाव आहे, तेही पाहिलं नाही. मोठ्या नावानं लहान नाव गिळणं हा अन्याय आहे, हे मी गावोगाव ओरडून सांगितलं. आणि तिचं केगाव मात्र दर पत्रात मीच गिळत होतो. मैदानात सात बेटांची नावं तोंडपाठ म्हटली. बहिणीला एकदा विचारलं नाही, की बाई, तू राहतेस तरी कुठं.

उरलेलं धान बिरजू पाहील. मी पुढच्या रविवारी निघतो. स्टेशनवर कोणी येऊ नये. बाईनं लिहिलंय तसाच येईन: कल्याण, पनवेल, जासई, चारफाटा, केगाव.

खाली तिची शेवटची ओळ आहे, की दारात आला का मले हाक मार, मी ओ देईन.

हाक मारीन. ओ आली नाही तरी आत येईन. तेवढा तिचा डावा हात पांघरुणाबाहेर ठेव.

तुझा,
गुणवंतमामा