न्यूट्रॉन ताऱ्याचा भडका

मंगळवार, संध्याकाळ. गडचिरोली, घरी.

दुपारी उपग्रहाचे आकडे बघून मीच जगभरच्या दुर्बिणवाल्यांना कळवून बसले, न्यूट्रॉन ताऱ्यातून क्ष-किरणांचा भडका उठला म्हणून. आता जेवताना आठवलं: उपग्रह पृथ्वीभोवतीच्या भारित कणांच्या पट्ट्यातून जातो तेव्हाचे आकडे खोटे असतात, ते आधी वगळायचे असतात. मी वगळले का? आठवतच नाही. तपासावं तर लाइन गेली, नेटवर्कही गेलं.

भडकाच खोटा निघाला तर? आत्ता कुणीतरी हातातलं काम सोडून दुर्बीण तिकडे वळवत असेल, माझ्या शब्दावर. वगळले का मी?

"काऊन वं, भात थंडा होऊन राह्यला," म्हणत आई शेजारच्या बाईंकडे गेली. अंधारातून तिचा आवाज येतोय, "माह्या पोरीनं साऱ्या दुनियेले सांगतलं!"