आधीच मानलेले आभार

मँचेस्टर, सोमवार

आई,
तुला गुडघे टेकून नमस्कार.

मी बरी आहे. मी काम करते त्या वृद्धाश्रमातल्या आज्या मला सोडत नाहीत. बाबांचा खोकला थांबला का? निवडणुकीआधी गल्लीत बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून वीज येते, की अजून नुसता पुढाऱ्याचा फोटोच लटकतोय?

चर्चमधले तुझे फोटो पाहिले. पास्टर म्हणाले, "आभार आधीच माना, मग देव नाही कसा म्हणेल?" आणि तू सगळ्यांसमोर सांगून टाकलंस, "माझ्या इझिएग्बेला तिकडे कायमचं राहायची परवानगी मिळाली!" मावश्यांनी एकाच कापडाचे कपडे शिवले, तुझ्यासोबत नाचत वेदीपर्यंत गेल्या. निळ्या रंगात छान दिसतेस गं.

आई, आज इथल्या सरकारचं उत्तर आलं. नाही म्हणालेत. महिनाअखेरपर्यंत देश सोडायला सांगितलंय.

घरी कशी येऊ? आपल्या बेनिन शहराच्या विमानतळावर उतरले की तू अख्ख्या चर्चसमोर खोटी पडशील. म्हणून खोली सोडतेय. कुठे जाईन, ते मलाच माहीत नाही. फोनही बंद असेल.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. रविवारी मावश्या माझ्या नावाने पुन्हा नाचायला उठल्या, तर तूही ऊठ.

तुझी, परवानगी मिळालेली,
इझिएग्बे